कवीचं स्मारक कशाचं असतं?

 

आजचा विषय फलकावर लिहिलेलाच आहे, कवीचं स्मारक. वरवर पाहता साधी गोष्ट. एखादा कवी होऊन गेला, लोकांचा त्याच्यावर जीव होता, तर त्याची आठवण राहावी म्हणून काहीतरी बांधावं. यात तत्त्वज्ञान शिकवलेल्या म्हाताऱ्याने तोंड घालायचं काय कारण? कारण असं, की स्मारक बांधायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न गुपचूप बाजूला पडतो. जागा कुठली, पुतळा अर्धा की पूर्ण, कमान किती उंच, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, यावर तासन् तास चर्चा होते. पण आपण नेमकं जपणार काय आहोत, हे कोणी विचारत नाही. आज आपण ते विचारू. दोन-चार स्मारकं समोर ठेवू आणि जमेल तितकं रोखठोक बोलू. ज्यांनी ती उभी केली त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांनी काही केलं म्हणून तर आपल्याला बोलायला जागा मिळाली.

सुरुवात पुण्यातून करतो. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, शाळेच्या सहली तिथे जातातच. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्यं, मस्तानी महाल. हे सगळं जमवलं दिनकर गंगाधर केळकर यांनी, आणि नाव दिलं अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. आता यातली गंमत बघा. हे केळकर स्वतः कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. ज्या माणसाने हजारो वस्तू नाश होण्यापासून वाचवल्या, त्याच्या कविता आज किती जणांना येतात? अडकित्ता काचेच्या कपाटात ठेवला की राहतो. कविता कपाटात ठेवली की ती तिथे असते असं आपण म्हणतो, पण असते का खरंच?

नेल्सन गुडमन नावाचे एक अमेरिकन तत्त्वज्ञ होते. १९६८ साली त्यांचं 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी कलांची एक विभागणी केली आहे. काही कलांमध्ये अस्सल आणि नक्कल असा भेद असतो. राजा रविवर्म्याचं चित्र हे एकच. कितीही हुबेहूब काढलं तरी दुसरं ते नक्कलच. पण कवितेत हा भेद संभवतच नाही. समजा, तुमच्या आजीने एक ओवी म्हटली आणि तुम्ही ती शब्दन् शब्द बरोबर म्हटलीत. तुमची ओवी नक्कल ठरेल का? नाही. तीच ओवी. आजीकडे अस्सल आणि तुमच्याकडे डुप्लिकेट असं होत नाही. (हशा) हस्तलिखित जळलं, तरी जोवर कोणाला ती कविता येते तोवर कविता जळलेली नाही.

आपल्याकडे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त शब्दाचा विचार करताना स्फोट आणि ध्वनी असा भेद सांगितला. ध्वनी उमटतो आणि विरतो. पण पुन्हा उच्चार झाला की जे प्रकट होतं ते तेच असतं. भर्तृहरी आणि गुडमन यांना मी एका दावणीला बांधत नाही, दोघांचे प्रश्न निराळे होते. आपल्या कामापुरती दोघांकडून एक गोष्ट घेऊ. कविता राहते ती उच्चारात. कोणीतरी म्हणावी लागते, किंवा मनातल्या मनात का होईना, वाचावी लागते.

यातून स्मारकाच्या दृष्टीने फार अडचणीची गोष्ट निघते. चित्रकाराच्या स्मारकात चित्र ठेवता येतं. कवीच्या स्मारकात कविता ठेवता येत नाही. तिथे कवीचा चष्मा ठेवता येतो, टोपी, पलंग, पेन ठेवता येतं. कविता तिथे यायची तर ती आलेल्या माणसाच्या तोंडून यावी लागते. म्हणून कवीचं स्मारक तपासायची माझी कसोटी एवढीच आहे: तिथे गेलेला माणूस परत येताना ओठांवर काही घेऊन येतो का?

ही कसोटी घेऊन आता नदीच्या वरच्या अंगाला जाऊ. आपल्या शिवारालगत भीमा वाहते. तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते. म्हणजे देहूवरून आलेलं पाणी इथून पुढे उजनीत जातं, आणि पंढरपुरात आपण त्याला चंद्रभागा म्हणतो. या पाण्याचा आणि कवितेचा संबंध सांगायला नको. परंपरा सांगते की वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून तुकोबांनी आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या. तुम्ही नगर रस्त्याने पुण्याला जाता तेव्हा जी वाघोली लागते, तीच ही. वह्या पाण्यावर कोरड्या आल्या असं श्रद्धावान म्हणतात. दुसरे म्हणतात, वह्या बुडाल्या असतील, पण अभंग लोकांच्या तोंडी होते. संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांनी ते पुन्हा लिहून काढले. मला आज या वादात पडायचं नाही. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, की कागदाचं काहीही होवो, गाथा बुडाली नाही.

आज देहूला इंद्रायणीच्या काठी भव्य गाथा मंदिर आहे. आतल्या भिंतींवर संगमरवरात अभंग कोरलेले आहेत, एक-दोन नाही, चार हजारांवर. पहिल्यांदा आत गेलं की माणूस दबून जातो. या कल्पनेमागची भावना मला कळते. जे पाण्यात बुडवलं गेलं ते आता दगडात आहे, पुन्हा कोणाची बुडवायची छाती नाही, असं ते उत्तर आहे. पण समीक्षक म्हणून विचारायला हवं, की हे उत्तर तुकोबांच्या कवितेला शोभणारं आहे का? तिथे येणारा माणूस मान वर करून भिंत बघतो. वाचायला लागला तर दोन-तीन अभंगांत मान अवघडते. मग तो फोन काढतो, फोटो घेतो, पुढे सरकतो. चार हजार अभंगांच्या मध्ये उभा राहून तो एकही अभंग म्हणत नाही. आकाराने कवितेला गप्प केलं. तिथेच एखादा वारकरी मात्र भिंतीवर आपला पाठ असलेला अभंग शोधतो, सापडला की बोट ठेवून गुणगुणायला लागतो. त्या एका ठिकाणी भिंत जिवंत होते. पण लक्षात घ्या, तो अभंग त्याने भिंतीवरून घेतलेला नाही. त्याने तो भिंतीला दिला.

त्याला तो मिळाला कुठे? वारीत, भजनात, कीर्तनात. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. तो आजही चालतो. नदीपलीकडे, आपल्या दौंड तालुक्यात, यवतला आणि वरवंडला या पालखीचा मुक्काम असतो, तुम्ही तिथे वाकून आलेले आहात. तत्त्वज्ञानाच्या नजरेने बघितलं तर कवीचं यापेक्षा चांगलं स्मारक मला माहीत नाही. याला भिंत नाही, छप्पर नाही. दरवर्षी ते उभं करावं लागतं आणि उभं करायचं साहित्य म्हणजे माणसांचा आवाज. शेतकरी पेरणी उरकून निघतो आणि पंढरपूरपर्यंत तुकोबांची कविता म्हणत जातो. ज्याला अक्षर येत नाही तोही म्हणतो.

कोणी म्हणेल, सर, दगड टिकतो, माणूस मरतो, म्हणून दगड हवा. यावर मी तुम्हाला तुमच्याच मुलखातली गोष्ट सांगतो. आपल्याकडे किती गावांच्या वेशीवर, देवळामागे वीरगळ असतात. लढाईत पडलेल्या माणसाचं ते स्मारक. खाली युद्ध कोरलेलं, मधे अप्सरा त्याला नेतायत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. दगड शेकडो वर्षं टिकला. आणि गावात विचारा, हा कोण? कोणी सांगू शकत नाही. शेंदूर लावलेला असतो, नारळ फुटतो. स्मारक टिकलं आणि स्मरण गेलं. दगड टिकतो हे खरंच आहे. तो कशाविना टिकतो हेही बघायला हवं.

याच नदीवर तुळापूर आहे, आणि जवळ वढू बुद्रुक. छत्रपती संभाजी महाराजांचं बलिदान १६८९ मध्ये झालं, आणि त्यांच्याबरोबर कवी कलशांचंही. त्या भूमीवर महाराजांच्या समाधीजवळ कवी कलशांचीही आठवण जपलेली आहे. मृत्यूसमोर साथ न सोडणाऱ्या मित्राची ती आठवण आहे आणि ती योग्यच आहे. पण 'कवी' या शब्दाचं तिथे काय झालं? तो उपाधीसारखा नावाला चिकटून राहिला. महाराज स्वतः संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारे. दोन लिहिणारी माणसं तिथे आहेत. आपण त्यांचा मृत्यू लक्षात ठेवला, लिहिणं लक्षात ठेवलं नाही. बलिदानाच्या तेजात असं होणं समजू शकतं. तरी निष्ठेचं स्मारक आणि कवितेचं स्मारक यातला फरक आपल्याला त्यातून दिसतो.

आता जरा लांब, कोकणात जाऊ. कारण आधुनिक मराठी कवीचं, लोकांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं, ज्याची चर्चा व्हायलाच हवी असं स्मारक तिथे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याजवळ मालगुंड. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली तिथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने, मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने, तिथे स्मारक केलं आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कवीचं जन्मघर जपलेलं आहे, बागेत दगडांवर कविता कोरल्या आहेत, नंतरच्या मराठी कवींची ओळख करून देणारं दालन आहे, ग्रंथालय आहे.

यातलं आधी चांगलं सांगतो. या स्मारकाने केशवसुतांना एकटं ठेवलं नाही. त्यांच्यानंतर मराठीत जी कविता झाली तिलाही तिथे जागा दिली. हा निर्णय फार विचारी आहे. केशवसुत स्वतः हयात असताना त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने ते गेले, आणि पुढे दशकभराने हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आणल्या. कविता मोजून दीडशेही नाहीत. एवढ्याशा पुंजीवर मराठी कवितेला त्यांनी वेगळी वाट दाखवली. तेव्हा त्यांचा खरा वारसा म्हणजे ती वाट, आणि वाटेचं स्मारक करायचं तर तिच्यावरून पुढे गेलेली माणसंही त्यात हवीत. हे मालगुंडला कळलं आहे.

आता टीका. जन्मघराची. माणसाच्या आयुष्यात ज्या घटनेत त्याचा स्वतःचा वाटा सगळ्यात कमी, ती म्हणजे जन्म. मालगुंडच्या त्या घरात एक मूल जन्मलं. कवी जन्मला तो पुण्यात, मुंबईत, मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारात, खानदेशात फैजपूरला, धारवाडला. घर सोडावं लागल्यामुळे जन्मला. केशवसुतांची 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही कविता वाचा. देशावर राहणाऱ्या माणसाला कोकणाकडून येणारा वारा लागतो, आणि आपलं गाव, घर, माणसं आठवतात. म्हणजे मालगुंड त्यांच्या कवितेत आलं ते लांबून, हरवलेलं म्हणून. आपण काय केलं? घर नीट करून, जुन्या वस्तू मांडून, जे हरवलं होतं ते सापडल्यासारखं दाखवलं. पाहुणा म्हणतो, वा, काय सुंदर घर! आणि कवितेतली हुरहुर, जी घर नसण्याची आहे, ती त्याच्यापर्यंत पोचत नाही.

माझ्या हातात असतं तर त्या आवारात एक साधा बाक ठेवला असता, समुद्राकडे तोंड केलेला. बाकावर एवढंच लिहिलं असतं, की इथे बसून ही कविता मोठ्याने वाचा. जूनमध्ये तो वारा खरोखर येतो. कवितेला हवा असलेला वारा त्या गावात फुकट उपलब्ध आहे, असं भाग्य किती स्मारकांना मिळतं?

केशवसुतांनी स्मारक या गोष्टीबद्दल स्वतःही विचार केलेला आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. १८९२ सालचं त्यांचं 'मयूरासन आणि ताजमहाल' हे मराठीतलं पहिलं सुनीत मानलं जातं. एकाच बादशहाने दोन गोष्टी केल्या, एक सत्तेच्या दिमाखासाठी आणि दुसरी प्रेमासाठी. दिमाखाची लुटली गेली, प्रेमाची उरली. स्मारक समित्यांच्या पहिल्या बैठकीत हे सुनीत वाचावं असं मला वाटतं. आपण बांधतोय ते मयूरासन आहे की ताजमहाल, एवढं जरी एकमेकांना विचारलं तरी कमानीची उंची थोडी कमी होईल. (हशा)

दगडावर कोरलेल्या कवितांबद्दलही बोलायला हवं, आणि हे केवळ मालगुंडाबद्दल नाही, सगळ्याच ठिकाणांबद्दल आहे. दगडावर जागा थोडी असते, म्हणून निवड करावी लागते. निवड करताना समिती कोणालाही न खुपणारी कविता घेते. निसर्ग घेते, देशप्रेम घेते. 'तुतारी' घेते, कारण १८९३ साली ती कोणावर फुंकली होती हे विसरून आता तिचा जयघोष करता येतो. पण याच कवीने १८८८ साली 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' लिहिली आणि १८८९ साली 'मजुरावर उपासमारीची पाळी'. बाईंडिंग केलेल्या पुस्तकात या कविता 'आम्ही कोण?'च्या शेजारी बसतात. पुस्तक सगळ्यांना सारखी जागा देतं. दगड देत नाही. म्हणून मी कोणत्याही कवीच्या स्मारकात गेलो की आधी हे शोधतो, की कवीचं गावाशी जे भांडण होतं ते इथे कुठे आहे का? भांडण काढून टाकलं की उरतो तो फोटो.

या बाबतीत जळगावच्या बहिणाबाईंचं उदाहरण उलट बाजूने शिकवतं. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, असोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्यांनी कविता रचल्या. मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्या इतरांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, 'बहिणाबाईंची गाणी' आली. जळगावात त्यांच्या चौधरी वाड्यात आज संग्रहालय आहे, त्यांच्या घरातल्या आणि शेतातल्या वापराच्या वस्तू तिथे जपल्या आहेत.

मी आधी म्हणालो, की वस्तू ठेवून कविता राहत नाही. मग इथे का चालतं? कारण इथली वस्तू वेगळ्या जातीची आहे. केशवसुतांच्या घरातला पाट किंवा पलंग कवितेच्या बाहेर आहे. बहिणाबाईंच्या हातातलं अवजार कवितेच्या आत आहे. त्या कवितेची लय कष्टाच्या हालचालीतून आली. जात्याचा खुंटा हातात धरला, की ओवी दीर्घ का असते आणि मधे श्वास कुठे घ्यायचा हे अंगाला कळतं. त्यामुळे तिथे माझी सूचना एवढीच राहील, की अशा ठिकाणी किमान एक जातं काचेबाहेर असावं आणि येणाऱ्या मुलीने, आणि मुलानेसुद्धा, ते ओढावं.

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं. हा सन्मान मोठाच. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्यात एक काटा दिसतो. ज्या बाईला सहीसुद्धा करता आली नसती, तिचं नाव आता पदवीच्या प्रत्येक कागदावर छापलं जातं. तो काटा मी काढायला सांगणार नाही. उलट तो राहू द्या. दरवर्षी पदवी घेणाऱ्या मुलांना तो थोडा बोचला, की न शिकलेल्या माणसाच्या ज्ञानाकडे आपण कसं बघतो, तर त्या नावाने आपलं काम केलं असं मी म्हणेन.

आणखी एक उदाहरण नाशिकचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू झाली. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटाकडे जातात, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी अदलाबदल होते. पेट्या वस्त्यांत गेल्या, परदेशातल्या मराठी माणसांकडेही पोचल्या. बघा, कुसुमाग्रजांचं नाव नाशिकला इमारतीलाही आहे. पण मला विचाराल तर ही पेटी जास्त मोठं स्मारक आहे. ती वाचणाऱ्याच्या घरी जाऊन बसते. अशीच एक गोष्ट स्कॉटलंडमधली. रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा लाडका लोककवी. त्याच्या मृत्यूला पाच वर्षं झाली तेव्हा, १८०१ मध्ये, नऊ मित्र त्याच्या जन्मघरी जमले, जेवले आणि त्याच्या कविता म्हटल्या. एवढंच. त्या एका जेवणातून प्रथा पडली, आणि आज २५ जानेवारीच्या सुमारास जगभर बर्न्सच्या नावाने लोक जेवायला बसतात आणि कविता म्हणतात. तिथे घर होतंच, पण घराने हे केलं नाही. ठरलेला दिवस, ठरलेलं जेवण आणि म्हणायच्या ठरलेल्या कविता, यांनी केलं. आपल्याला हे नवीन आहे का? बीज, जयंती, पुण्यतिथी, पंगत हे सगळं आपल्याकडे आहेच. फक्त त्यात भाषणं वाढली आणि कविता कमी झाली.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात पूर-कनेरसर आहे. १९४९ साली तिथे नामदेव ढसाळ जन्मले. मुंबईत वाढले, १९७२ मध्ये त्यांचा 'गोलपिठा' आला, आणि मराठी कवितेला आपल्या शहाण्या घराबाहेर काढून रस्त्यावर उभं केलं. २०१४ मध्ये ते गेले. पुणे जिल्ह्याने मराठीला दिलेले दोन महाकवी मोजायचे तर एक देहूचे आणि एक पूर-कनेरसरचे, असं मी म्हणतो, आणि हे म्हटल्यावर सभागृहात थोडी चुळबुळ होते हेही मला माहीत आहे.

'गोलपिठा' संगमरवरात कोरता येईल का? कल्पना करून बघा. कोणती ओळ घ्याल? जी घ्याल तिच्याने कोणीतरी उठून जाईल. आणि जिच्याने कोणी उठून जाणार नाही अशी निवडलीत, तर ते ढसाळांचं स्मारक राहणार नाही. म्हणजे हा कवी आपल्या सगळ्या स्मारक-कल्पनेची परीक्षा घेतो. पण मला वाटतं, मुळात तुकोबांनीही घेतलीच होती. त्यांच्या वह्या ज्यांनी बुडवायला लावल्या, त्यांच्या दृष्टीने त्याही खुपणाऱ्याच होत्या. तीनशे-साडेतीनशे वर्षांत आपल्याला त्यांची सवय झाली. सवय झाली म्हणजे कळले, असं नाही. चांगलं स्मारक ही सवय थोडी मोडतं. तुकोबांना पुन्हा खुपू देतं.

आता या गावापाशी येऊन थांबतो. इथे कोणाच्या मनात येईल, की सर, आमच्याकडे तुकाराम नाहीत, केशवसुत नाहीत, आम्ही कोणाचं स्मारक करायचं? मी सांगतो. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. मावळ-मुळशीपासून काम सुरू झालं, आणि शिरूर तालुक्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. एक लाख! केशवसुतांच्या दीडशेच्या आतल्या कवितांनी मराठी बदलली, हे मान्य. पण या एक लाख ओव्यांमध्ये सासर आहे, माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, दुष्काळ आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. या रचणाऱ्या बायका कवी नव्हेत असं म्हणायला आपल्याकडे एकच कारण आहे, त्यांचं नाव छापलेलं नाही.

गावात विजेची गिरणी आली आणि पहाटेचं जातं थांबलं. ते थांबलं याबद्दल मी हळहळत नाही. रोज पहाटे उठून दळण्याचे कष्ट कोणी कोणावर परत लादू नयेत. पण जात्याबरोबर ओवीची जागाही गेली. तिला दुसरी जागा आपण दिली नाही. ज्या बायकांना त्या येतात त्या आज माझ्या वयाच्या किंवा माझ्याहून मोठ्या आहेत. यातली प्रत्येक बाई गेली की एक स्मारक पडतं, आणि त्याची बातमी होत नाही.

म्हणून इथे कवीचं स्मारक करायचं असेल, तर खर्चाचा क्रम मी सांगतो. पहिला खर्च आवाजावर. गावातल्या आज्यांकडे जा, त्यांच्या सुनांना, नातींना बरोबर घ्या, आणि त्यांना येतं ते म्हणवून घ्या. फोन सगळ्यांकडे आहेच. म्हणणारीला विचारून तिचं नाव लावा, नको म्हणाली तर लावू नका. दुसरा खर्च पुस्तकावर. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था झाली. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ड वर्गाचं का असेना, पण संध्याकाळी उघडं असणारं ग्रंथालय हवं, आणि त्यात ढसाळ, बहिणाबाई, केशवसुत, गाथा हे एका कपाटात हवेत. तिसरा खर्च सावलीवर. दोन झाडं आणि बसायला कट्टा. महिन्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी कोणीही यावं आणि एक कविता म्हणावी. पाहुणा नको, हार नको, भाषण तर मुळीच नको. माझंसुद्धा. (हशा) हे सगळं वर्षभर चाललं आणि मग पैसे उरले, तर चौथा खर्च दगडावर करा. तोवर त्या दगडावर काय कोरायचं हे तुम्हाला कळलेलं असेल, कारण तुमच्या तोंडात ते बसलेलं असेल.

प्लेटोच्या 'फीड्रस' संवादात सॉक्रेटिस लिखित शब्दाबद्दल एक तक्रार करतो. चित्रातली माणसं जिवंत दिसतात, पण त्यांना प्रश्न विचारला तर गप्प राहतात, तसंच लिहिलेल्या शब्दांचं आहे, असं तो म्हणतो. ही तक्रार प्लेटोने लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली, हे त्यातलं हसू येण्यासारखं सत्य. त्यामुळे मी दगडाच्या, भिंतीच्या किंवा कागदाच्या विरुद्ध नाही. ते हवेतच. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायला तिथे एक माणूस हवा. देहूत तो टाळकरी आहे. मालगुंडात तो वाचक होऊ शकतो. इथे ती कदाचित तुमच्या शेजारी बसलेली, आत्तापर्यंत एक शब्द न बोललेली आजी आहे.

माझी वेळ संपली. नेहमीप्रमाणे शेवटी प्रश्नोत्तरं ठेवली आहेत. पण आज माझी एक विनंती आहे. प्रश्न विचारायच्या आधी ज्यांना एखादी ओवी, अभंग किंवा कविता येते त्यांनी ती म्हणावी. कोणाचीही चालेल. माइक मागच्या रांगेपर्यंत पोचतो. बायकांच्या बाजूने सुरुवात करू.